अडतीस हरवलेल्या वाटा

मित्रांनो, माझं वय माझ्या पंख्याच्या आवाजावरून कळतं. नवा होतो तेव्हा तो एका सुरात चालायचा. आता दमेकऱ्यासारखा मधेच अडखळतो आणि पुन्हा सुरू होतो. मी एक नेटवर्क स्विच आहे. तुम्ही मला पाहिलं असेल, पण आपली ओळख झाली नसेल. शाळेत, बँकेत, ऑफिसात कुठेतरी कोपऱ्यात एक चपटा करडा डबा असतो. त्यात ओळीने निळ्या-पांढऱ्या केबली खोचलेल्या असतात आणि त्याचे हिरवे दिवे सारखे डोळे मिचकावत असतात. तो मी, नाहीतर माझाच कुणी नातेवाईक.

माझं काम टपाल वेगळं करणाऱ्या माणसासारखं. एका संगणकाकडून दुसऱ्याकडे जे काही जातं, पत्र असो की फोटो, ते लहान लहान तुकडे होऊन जातं. त्या तुकड्यांना आपण पाकिटं म्हणू. प्रत्येक पाकिटावर पत्ता असतो. तो वाचायचा, पाकीट कुठल्या वाटेने सोडायचं ते पाहायचं आणि सोडायचं. एका सेकंदात अशी लाखो पाकिटं माझ्या हातातून जातात. हात मला नाहीत, पण बोलायची एक पद्धत.

माझा जन्म एका लांबलचक, पांढऱ्या दिव्यांच्या कारखान्यात झाला. तिथे डोक्याला टोपी आणि हातात पातळ मोजे घातलेल्या बायका काम करायच्या. त्यातल्या एकीने भिंगातून बघत माझ्या पोटातले धातूचे डागलेले टाके तपासले आणि माझ्या पाठीवर क्रमांकाची चिठ्ठी चिकटवली. माझ्या खेपेत आम्ही काही हजार भावंडं होतो. दोन दिवस आम्हाला तापलेल्या खोलीत चालू ठेवलं. ज्यांना ते सोसलं नाही ते मागे राहिले. बाकीचे खोक्यांत बसून जिकडेतिकडे गेलो. कोण कुठे गेलं, कुणालाच ठाऊक नव्हतं.

पहिली सहा वर्षं मी एका वाचनालयात काढली. तिथे मी माझ्या अकलेने चालत असे. कुठलं पाकीट कुठे जावं हे माझं मी ठरवी. मग जगात नवी पद्धत आली. प्रत्येक स्विचने आपापलं ठरवण्यापेक्षा सगळ्यांच्या वतीने एकानेच ठरवावं, असं शहाण्या लोकांनी ठरवलं. त्या एकाला म्हणतात कंट्रोलर. तो एक संगणकावरचा प्रोग्रॅम असतो. त्याला सगळं नेटवर्क वरून दिसतं. अनोळखी पाकीट आलं की स्विचने त्याला विचारायचं, याला कुठे धाडू? तो नियम पाठवतो. स्विचने तो आपल्या तक्त्यात लिहून ठेवायचा आणि पुढच्या सगळ्या पाकिटांना तोच लावायचा. लोक कुणाला तरी म्हणतात, याने अक्कल गहाण ठेवली. माझी तर रीतसर काढून दुसऱ्याच्या डोक्यात घातली. मला त्याचं वाईट वाटलं नाही. एकट्याने ठरवायचं ओझं उतरलं, इतकंच.

या बदलानंतर मी एका तपासणीच्या प्रयोगशाळेत आलो. दुसऱ्या मजल्यावर तीन खोल्या, खाली निळं जाजम, भिंतीला लागून उंच लोखंडी मांडण्या आणि त्यांत माझ्यासारखे डबे. इथे निरनिराळ्या कंपन्यांचे कंट्रोलर पारखले जात. कुणाला आपल्या कचेरीसाठी कंट्रोलर घ्यायचा असला की ते इथे विचारायला येत. कुठला चांगला?

तिथल्या वायरिंगच्या माणसाला सगळे काका म्हणत. चष्मा दोरीने गळ्यात, खिशात पांढऱ्या पट्टीचं रीळ. प्रत्येक केबलीच्या दोन्ही टोकांना ते पट्टी लावून सुवाच्य अक्षरात लिहीत, ही कुठून आली आणि कुठे चालली. मला मांडणीत बसवताना त्यांनी फुंकर मारून माझ्या जाळीतली धूळ काढली आणि म्हणाले, "या, म्हातारबा." तेव्हापासून माझं नाव म्हातारबा पडलं. खरं तर मी तेव्हा सहा वर्षांचा होतो. पण आमच्यात सहा म्हणजे साठी.

मोजायचं काम एका तरुण इंजिनिअर बाईंकडे होतं. त्यांना सगळे घड्याळबाई म्हणत, कारण त्या कशालाही आधी किती वेळ लागला ते विचारत. चहा यायला उशीर झाला तरी त्या किती मिनिटं ते सांगत. मोजण्याच्या बाबतीत मात्र त्या फार काटेकोर. आलेल्या कंट्रोलरचं खरं नाव त्या झाकून ठेवत आणि त्याला एका रंगाच्या नावाने ओळखत, म्हणजे कंपनीच्या नावामुळे कुणाचं मन झुकू नये.

मी सांगतोय ती गोष्ट एका मोठ्या रुग्णालयाची आहे. रुग्णालयाला आपल्या सगळ्या नेटवर्कसाठी एक कंट्रोलर निवडायचा होता. तीन आले: लाल, पिवळा आणि निळा. पिवळा तिसऱ्या दिवशी आपला आपणच बंद पडला. दिवसेंदिवस चालू ठेवलं की त्याची स्मृती भरत जायची आणि तो हात वर करायचा. राहिले लाल आणि निळा.

घड्याळबाईंनी एका संगणकावर चौसष्ट काल्पनिक स्विच तयार केले. ते प्रोग्रॅमनेच बनवलेले, ना डबा, ना पंखा, ना धूळ. त्यांनी कंट्रोलरवर प्रश्नांचा भडिमार करायचा आणि सेकंदाला किती उत्तरं येतात ते मोजायचं. लालने नव्वद हजार उत्तरं दिली. निळ्याची गाडी तीस हजारांपुढे जाईना. प्रयोगशाळेचे प्रमुख, म्हणजे साहेब, मागे उभं राहून पडदा बघत होते. ते खूश झाले. त्यांनी रुग्णालयाच्या अधीक्षक डॉक्टरांना फोनवर सांगूनही टाकलं, की निकाल जवळजवळ लागल्यातच जमा आहे. घड्याळबाईंनी अहवाल लिहिला. नावानिशी लिहिलेला त्यांचा तो पहिलाच अहवाल. पुढच्या गुरुवारी डॉक्टर येणार होत्या आणि तो त्यांच्या हाती पडणार होता.

या सगळ्यात मला कुणी विचारलं नव्हतं. मी खालच्या फळीवर नुसता चालू होतो. एकदा केबली आवरता आवरता काका घड्याळबाईंना म्हणाले होते, की म्हातारबालाही घ्या की परीक्षेत, बसून बसून गंजेल. बाई हसून म्हणाल्या, काल्पनिक स्विच अगदी नियमानुसार वागतात, मग खऱ्याची गरज काय? काकांनी रीळ खिशात टाकलं आणि ते जेवायला गेले.

सोमवारी दुपारी घड्याळबाईंच्या वन्सं आल्या. वन्सं म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. त्या त्याच रुग्णालयात अतिदक्षता विभागाच्या सिस्टर होत्या. घराची किल्ली बाईंच्या पर्समध्ये राहून गेली होती, ती न्यायला त्या ड्यूटीवर जाता जाता वाट वाकडी करून आल्या होत्या. किल्ली घेऊन वळल्या आणि माझ्यासमोर थबकल्या.

"हा डबा इथे पण आहे?" त्या म्हणाल्या. "असाच आमच्या वॉर्डबाहेर पॅसेजमध्ये आहे. वर ठेवलेला असतो, आम्ही त्याच्या शेजारीच छत्र्या अडकवतो."

"असाच?" घड्याळबाईंनी विचारलं.

"अगदी असाच. जुन्या इमारतीत सगळीकडे हेच आहेत. याचे दिवे गेले की आमच्या टेबलावरचा पडदा जातो, म्हणून मला पाठ आहे."

त्यांनी सांगितलं ते असं. प्रत्येक खाटेशेजारी एक यंत्र असतं. ते रुग्णाच्या हृदयाचे ठोके आणि श्वास मोजतं. ते आकडे या डब्यातून जाऊन सिस्टरच्या टेबलावरच्या मोठ्या पडद्यावर दिसतात. एका सिस्टरला बारा खाटा असतात, आणि बारा ठिकाणी एकाच वेळी उभं राहता येत नाही. म्हणून तो पडदा म्हणजे त्यांचे डोळे. एवढं सांगून वन्सं घाईने निघून गेल्या.

घड्याळबाईंनी रुग्णालयाच्या देखभाल विभागाला फोन लावला आणि जुन्या इमारतीत माझ्या वयाचे किती स्विच आहेत ते विचारलं. एक्केचाळीस, असं उत्तर आलं. फोन ठेवून त्या काकांना म्हणाल्या, "काका, म्हातारबाला जोडा."

मित्रांनो, इतक्या दिवसांनी माझ्या केबलींत जीव आला. बाईंनी जुन्या इमारतीत असतील तितक्या सातशे वाटा माझ्यातून काढल्या; एक वाट म्हणजे एका यंत्राच्या पाकिटांचा रस्ता. परीक्षा सोपी होती. सगळं सुरळीत चालू असताना एक मुख्य केबल उपटायची. मग कंट्रोलरने त्या सातशे वाटा दुसऱ्या केबलीने वळवायच्या. त्याला किती वेळ लागतो ते बघायचं.

पहिली पाळी लालची. काकांनी केबल उपटली. पापणी लवायच्या आत लालने सातशे नियम माझ्या अंगावर ओतले. आता माझी घडण कशी, ते सांगायला हवं. मी पाकिटं लाखांनी सोडतो, पण नवा नियम तक्त्यात लिहायला मला वेळ लागतो. सेकंदाला फार तर दीडशे. बाकीचे नियम दाराशी रांगेत थांबतात. आणि माझी रांग आखूड. मी लिहीत होतो, लिहीत होतो, आणि मागून लोंढा येतच होता. रांगेत न मावलेले काही नियम सांडले. सांडलं तर तशी तक्रार पाठवायची हे माझ्या घडणीतच नव्हतं. तो माझा दोष, मी नाकारत नाही. पण लालनेही मला एकदाही विचारलं नाही, की बाबा, लिहून झाले का? त्याने पाठवले, म्हणजे झाले, असं तो धरून चालला.

लालच्या पडद्यावर आलं: सातशेपैकी सातशे पूर्ण, वेळ सेकंदाचा पाचवा भाग.

घड्याळबाईंनी मात्र पलीकडच्या टोकालाही एक मोजणी लावली होती. तिथे खरोखर किती पाकिटं पोचतात ते दिसत होतं. पाच सेकंदांत बऱ्याचशा वाटा सुरू झाल्या. सहाशे बासष्टवर आकडा थांबला. एक मिनिट गेलं. पाच मिनिटं गेली. आकडा हलेना. अडतीस वाटा हरवल्या होत्या आणि त्या हरवल्याचं लालच्या गावीही नव्हतं.

मग निळ्याची पाळी. त्याची तऱ्हा निराळी. त्याने पन्नास नियम पाठवले आणि विचारलं, झालं का? मी लिहून संपवले आणि म्हणालो, झालं. मग पुढचे पन्नास. एकदा माझं उत्तर जायला उशीर झाला, तर त्याने तेच पन्नास पुन्हा पाठवले. साडेसहा सेकंद लागले. पण सातशेच्या सातशे वाटा परत आल्या.

संध्याकाळी साहेब आले तेव्हा बाईंनी त्यांना दोन्ही आकडे दाखवले. साहेब वाईट माणूस नव्हते. पण त्यांनी शब्द देऊन टाकला होता, आणि दिलेला शब्द मागे घ्यायचा म्हणजे माणसाच्या जिवावर येतं. ते माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, की हा डबाच म्हातारा झालाय. याच्या दोषापायी चांगल्या कंट्रोलरला नापास करायचं, हा कुठला न्याय?

घड्याळबाईंनी वाद घातला नाही. डबा बिघडलेला असूही शकतो, हे त्यांना पटलं होतं. त्या म्हणाल्या, तेही मोजून बघू.

त्यांनी माझ्या केबली बदलल्या. केबली खोचायची भोकं बदलली. माझ्यातला प्रोग्रॅम पुसून नव्याने भरला. एकदा घडलं ते योगायोग असू शकतं, म्हणून दोघांचीही परीक्षा तीस-तीस वेळा घेतली. लालकडून दर वेळी वाटा हरवत, कधी पस्तीस, कधी एक्केचाळीस, आणि दर वेळी वेगळ्याच. शेवटी बाईंनी काकांना रुग्णालयात पाठवलं. देखभाल विभागाकडे जुन्या इमारतीतला एक जास्तीचा स्विच पडून होता, तो काकांनी पिशवीत घालून आणला.

काकांनी त्याला माझ्या शेजारी ठेवलं आणि पाठीवरची चिठ्ठी वाचायला चष्मा चढवला. मग माझी चिठ्ठी वाचली.

"ताई, हे तर सख्खे भाऊ निघाले," काका म्हणाले. "एकाच खेपेचे. क्रमांकात सतराचा फरक आहे."

त्याच्या अंगाला रुग्णालयातल्या जंतुनाशकाचा वास होता आणि एका कोपऱ्याला पोचा आलेला होता. त्या तापलेल्या खोलीत आम्ही एकमेकांच्या जवळपासच असणार. इतक्या वर्षांनी आम्ही एका फळीवर आलो ते परीक्षेसाठी. आम्हाला बोलता येत नाही, पण एकच केबल आम्हा दोघांत जोडली गेली आणि त्याने सोडलेलं पहिलं पाकीट माझ्याकडे आलं, तेव्हा मला बरं वाटलं. त्याची परीक्षा झाली. त्यानेही सदतीस वाटा हरवल्या. म्हणजे दोष माझ्या एकट्याचा नव्हता, आमच्या सगळ्या पिढीचा होता.

बुधवारी साहेब म्हणाले, की ठीक आहे, अहवालाच्या शेवटी बारीक अक्षरात एक टीप टाका. साहेब गेल्यावर घड्याळबाईंनी वन्संना फोन लावला आणि तो स्पीकरवर ठेवून त्या वहीत लिहायला बसल्या. त्यांनी विचारलं, समजा पडदा सहा-सात सेकंद कोरा झाला, तर काय होईल?

"काही नाही," वन्सं म्हणाल्या. "सगळाच पडदा गेला तर आम्हाला लगेच कळतं. आम्ही उठतो, एक चक्कर मारतो, तोवर येतो तो."

"आणि अकरा खाटा चालू, फक्त एक गप्प?"

"गप्प म्हणजे कशी? त्या खाटेचा शेवटचा आकडा तसाच पडद्यावर राहतो. बघणाऱ्याला वाटतं, ठीक चाललंय. अगं, असं होणार आहे का?"

"नाही होणार," घड्याळबाई म्हणाल्या.

फोन ठेवून त्यांनी स्वतःचा अहवाल उघडला. नव्वद हजारांचं ते पान त्यांनी फार हौसेने केलं होतं, रंगीत आलेख काढून. ते त्यांनी फाडलं नाही. पहिल्या पानावरून काढून शेवटी नेलं आणि पहिल्या पानावर नवीन मजकूर लिहायला घेतला. मधे दोनदा थांबल्या. आपणच दिलेला निकाल आपणच फिरवायचा, तोही पहिल्याच अहवालात. काकांनी न विचारता त्यांच्यापुढे चहा ठेवला. तो किती मिनिटांनी आला हे त्या दिवशी त्यांनी सांगितलं नाही.

गुरुवारी सकाळी अधीक्षक डॉक्टर आल्या. पांढरे केस, हळू बोलणाऱ्या, खुर्चीच्या काठावर बसणाऱ्या बाई. साहेबांनी सुरुवात करून दिली आणि लालचं नाव घेणार, तेवढ्यात घड्याळबाई उभ्या राहिल्या.

त्या म्हणाल्या, "डॉक्टर, तुम्हाला फोनवर सांगितलेला निकाल माझ्या मोजणीवरून दिला होता. ती मोजणी बरोबर आहे. पण मी प्रश्नच चुकीचा विचारला होता. कोण भराभर बोलतो ते मी मोजलं. बोललेलं खरंच होतं का, ते मोजलं नाही."

साहेबांनी मान खाली घातली. बाईंनी मला आणि माझ्या भावाला टेबलावर मांडलं होतं. डॉक्टरांच्या डोळ्यांदेखत काकांनी केबल उपटली. लालचा पडदा लगेच म्हणाला, सातशे पूर्ण. शेजारचा आकडा सहाशे चौसष्टवर थांबला. डॉक्टर त्या आकड्याकडे बघत बसल्या.

"हे छत्तीस कुठले?" त्यांनी विचारलं. "म्हणजे कुठल्या खाटा?"

"ते आधी सांगता येत नाही. दर वेळी वेगळे असतात."

मग साहेब खाकरून म्हणाले, की दोष या जुन्या डब्यांचा आहे, ते बदलले तर प्रश्न मिटेल. यावर घड्याळबाई शांतपणे म्हणाल्या, "दोष डब्यांचा आहे, मान्य. पण आज तिथे डबे हेच आहेत."

डॉक्टरांनी सांगितलं, की जुनी इमारत एकदम बंद करता येत नाही. एकेक वॉर्ड रिकामा करून डबे बदलायचे म्हटलं तर तीन-चार वर्षं कुठेच गेली नाहीत. मग त्यांनी निळ्याची परीक्षा बघितली. साडेसहा सेकंद त्यांनी आपल्या मनगटावरच्या घड्याळात मोजले. सातशे वाटा परत आल्यावर त्या म्हणाल्या, "हा हळू आहे. पण हा विचारतो." आणि त्यांनी निळा निवडला.

त्या दिवशी कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. साहेब आठवडाभर घड्याळबाईंशी कामापुरतंच बोलले. पुढच्या सोमवारी ते आपणहून आले, बाईंच्या टेबलापाशी उभे राहिले आणि म्हणाले, की यापुढे प्रत्येक परीक्षेत एक जुना खरा स्विच असलाच पाहिजे, तसं नियमात घाला. बाईंनी घातलं. लालच्या कंपनीलाही सगळे आकडे कळवले. त्यांनी पुढच्या वर्षी आपला कंट्रोलर सुधारून पाठवला. आता तोही विचारायला शिकला होता. त्याचा वेग निम्म्यावर आला होता, आणि या वेळी बाईंनी त्याला चांगला म्हटलं.

मग माझे सुखाचे दिवस आले. माझा भाऊ रुग्णालयात परत गेला. तिथल्या एका डब्याचा पंखा बंद पडला होता, त्याच्या जागी त्याला बसवलं. मी प्रयोगशाळेत राहिलो. पाच वर्षांत अठ्ठावीस कंट्रोलर माझ्यावर पारखले गेले. काही उद्धट होते, काही भित्रे. एक तर इतका संशयी, की दर नियमाला दोनदा विचारायचा. परगावाहून माणसं येत आणि घड्याळबाई त्यांना आधी माझ्यापुढे उभं करत. काकांनी माझ्या कपाळावर पांढरी पट्टी लावून म्हातारबा असं लिहिलं. निवृत्त झाले त्या दिवशी त्यांनी शेवटची फुंकर मारून माझी धूळ काढली आणि नव्या माणसाला सांगितलं, की याची जाळी महिन्यातून एकदा साफ करत जा. त्याने मान डोलावली.

त्याने ते दोन महिने केलं. मग त्याला इतर कामं लागली. मी खालच्या फळीवर, भिंतीच्या बाजूला गेलो. कुणीतरी माझ्यावर शोभेच्या झाडाची कुंडी ठेवली. झाड छान वाढलं. पण पाणी जास्त झालं की ते माझ्या कडेने ओघळायचं. माझी दोन भोकं गंजली. धुळीने जाळी बुजली आणि मी तापू लागलो. मी कुणाला दोष देत नाही. माझ्यात कुठलाच दिवा तांबडा होत नव्हता, म्हणून सगळ्यांना वाटत होतं की माझं ठीक चाललंय.

या वर्षी साहेब निवृत्त झाले आणि त्यांच्या खुर्चीवर घड्याळबाई बसल्या. आता त्यांच्या कानाजवळचे केस पांढरे झालेत. मागच्या आठवड्यात त्या सकाळीच आल्या, जाजमावर मांडी घालून बसल्या, कुंडी उचलून बाजूला ठेवली आणि ओल्या फडक्याने मला पुसलं. बरोबर कुणी नव्हतं. त्यांना यंत्रांशी बोलायची सवय नाही, पण त्या दिवशी बोलल्या.

"रुग्णालयातला शेवटचा डबा काल काढला," त्या म्हणाल्या. "एक्केचाळिसावा. आता तुझ्यासारखा बाहेर एकही उरला नाही, म्हातारबा. तुझ्यावर मोजून काढलेलं उत्तर आता कुणाच्याच उपयोगाचं नाही."

मला ते लागलं नाही, असं म्हणणार नाही. पण त्यांचं म्हणणं बरोबर होतं. बाहेर जे आहे त्यावर मोजायचं, म्हणून तर त्यांनी मला फळीवरून उचललं होतं. बाहेर मी नाही, तर परीक्षेतही मी नको. माझ्या जागी आता रुग्णालयातलाच एक स्विच आणलाय. तो पाच वर्षं वापरलेला आहे, आणि त्याचीही रांग काही फार लांब नाही असं ऐकतो. येत्या शनिवारी मला बंद करतील. माझं तांबं, माझे टाके वेगवेगळे काढून पुन्हा कामाला लावणाऱ्या लोकांकडे बाई स्वतः मला पोचवणार आहेत.

म्हणून मित्रांनो, जायच्या आधी थोडं सांगून जातो. तुमच्या शाळेत, घरात, दवाखान्यात असा एखादा डबा लुकलुकत असेल, तर त्याच्या जाळीला हवा लागू द्या. केबल काढायची असेल तर तिच्या टोकाची छोटी जीभ दाबून मग काढा, ओढू नका, ती जीभ लगेच मोडते. तो निकामी झाला तर कचऱ्यात फेकू नका, त्याच्या पोटात अजून पुष्कळ कामाचं असतं. आणि एखाद्या दिवशी तुम्ही मोठे व्हाल, काय ठेवायचं आणि काय काढून टाकायचं ते तुमच्या हातात येईल. तेव्हा खुर्चीत बसून ठरवू नका. त्या केबलीचं दुसरं टोक धरून चालत जा, आणि ती ज्या खाटेपाशी संपते तिथे कोण झोपलंय ते बघून या.